सॉफ्टइमेज: एका डिझायनरचं यंत्र आणि त्याचे चार मालक

४ मार्च २०१४ रोजी ऑटोडेस्क कंपनीने जाहीर केलं की ‘सॉफ्टइमेज’ या थ्री-डी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरची २०१५ ची आवृत्ती ही शेवटची. पुढे नवं काही येणार नाही आणि ३० एप्रिल २०१६ नंतर तांत्रिक मदतही बंद होईल. ज्यांनी उमेदीची वर्षं या सॉफ्टवेअरवर काम करण्यात घालवली होती त्यांनी ऑनलाइन याचिका काढली, सह्या गोळा केल्या. कंपनी बधली नाही. हेच सॉफ्टवेअर बनवणारा उद्योग मायक्रोसॉफ्टने १९९४ मध्ये १३ कोटी डॉलरना घेतला होता, ॲव्हिडने १९९८ मध्ये २८.५ कोटींना आणि ऑटोडेस्कने २००८ मध्ये साडेतीन कोटींना. १९९४ ते २०१४ या वीस वर्षांत नेमकं काय घडलं, हा या प्रकरणाचा विषय.

विषयाला हात घालायचं कारण मात्र वेगळं आहे. सॉफ्टइमेजचे संस्थापक डॅनियल लांग्लुआ १ डिसेंबर २०२३ रोजी कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावर जोडीदारासह मृतावस्थेत सापडले, आणि पोलिसांनी खुनाचा गुन्हा दाखल केला. त्यानंतरच्या बातम्यांत जळालेली गाडी, शेजारच्या मालमत्तेशी रस्त्यावरून चाललेला वाद, अटक, कोर्ट हे सगळं सविस्तर आलं. माणसाचं काम मात्र एका ओळीत उरकलं गेलं: ‘ज्युरासिक पार्क’च्या डायनासोरांमागचं सॉफ्टवेअर बनवणारे. ज्याच्या कामावर आज जगातला प्रत्येक थ्री-डी ॲनिमेटर उभा आहे त्याला एका ओळीत गुंडाळणं मला अजिबात पटलं नाही.

टोनी नावाचा पियानोवादक

लांग्लुआ १९५७ मध्ये कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात जन्मले. शिक्षण डिझाइनचं, मॉन्ट्रियलच्या क्वेबेक विद्यापीठात. हा तपशील महत्त्वाचा, कारण त्या काळी संगणक ॲनिमेशनमध्ये येणारी बहुतेक माणसं गणित किंवा संगणकशास्त्रातून येत होती. पिअर लाशापेल, फिलिप बर्जरॉन आणि पिअर रोबिदू यांच्यासोबत लांग्लुआंनी ‘टोनी दे पेल्त्री’ नावाचा छोटा चित्रपट केला. १९८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भरलेल्या सिग्राफ या संगणक ग्राफिक्सच्या परिषदेत तो दाखवला गेला आणि सभागृहाने तो डोक्यावर घेतला.

टोनी हा रया गेलेला वादक आहे. मोठं नाक, पुढे आलेली हनुवटी. पियानोवर बसून जुने दिवस आठवतो. संगणकाने तोवर चकचकीत गोळे, उडणारी अक्षरं, अवकाशयानं काढून दाखवली होती. टोनीच्या चेहऱ्यावर मात्र खंत दिसते. त्यासाठी चमूने खऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर रेघा आखून वेगवेगळ्या हावभावांचे फोटो घेतले, त्यातले बिंदू संगणकात भरले आणि ते हावभाव टोनीच्या अतिशयोक्त चेहऱ्यावर बसवले. आज फेशियल रिगमध्ये, म्हणजे पात्राचा चेहरा हलवण्यासाठी बांधलेल्या नियंत्रकांच्या रचनेत, ‘ब्लेंड शेप’ नावाने जे रोज वापरलं जातं त्याच्या हे अगदी जवळचं आहे.

त्या काळात चांगलं संगणक ॲनिमेशन करायचं तर स्टुडिओला स्वतःचं सॉफ्टवेअर स्वतः लिहावं लागे. दारात प्रोग्रॅमर हवेच. ॲनिमेटर काय हवं ते सांगणार, प्रोग्रॅमर ते कोडमध्ये उतरवणार, मग रात्रभर रेंडर, म्हणजे संगणक अंतिम चित्र काढत बसणार, सकाळी चूक दिसणार. लांग्लुआंनी १९८६ मध्ये मॉन्ट्रियलला सॉफ्टइमेज कंपनी काढली ती ही मधली पायरी काढून टाकण्यासाठी. वस्तू घडवणं, ती हलवणं आणि तिचं अंतिम चित्र काढणं ही तिन्ही कामं एकाच छताखाली आणायची आणि वापरणारा चित्रकार आहे असं धरून मेनू, पडदा, शब्द सगळं ठरवायचं. १९८८ च्या सिग्राफमध्ये ‘क्रिएटिव्ह एन्व्हायर्नमेंट’ या नावाने पहिली आवृत्ती आली. ती सिलिकॉन ग्राफिक्सच्या महागड्या वर्कस्टेशनवर चाले. आपल्याला ही रचना आता इतकी सवयीची झाली आहे की तिच्यात कुणाची तरी निवड होती हेच विसरायला होतं.

पाय सरकतो म्हणजे काय होतं

१९९१ मध्ये या सॉफ्टवेअरमध्ये ‘ॲक्टर’ नावाचा भाग जोडला गेला. माझ्या मते सॉफ्टइमेजचं सगळ्यात मोठं देणं हेच, म्हणून इथे जरा थांबतो.

समजा एखादा जड प्राणी चालवायचा आहे. पाऊल जमिनीवर पडलं की शरीराचं वजन त्यावर येतं आणि कंबर थोडी खाली जाते. जुन्या पद्धतीत सांध्यांची साखळी वरून खाली जायची: आधी कंबर, मग मांडी, गुडघा, घोटा. कंबर खाली केली की तिच्यामागे अख्खा पाय खाली जाणार आणि पाऊल जमिनीत घुसणार. मग गुडघा वाकवा, घोटा फिरवा, पाऊल वर आणा. पुढच्या फ्रेमला कंबर अजून खाली, पुन्हा तेच. सेकंदाला २४ फ्रेम. एवढं करूनही पाऊल किंचित इकडेतिकडे सरकतंच, आणि ते सरकलं की पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण प्राणी खोटा वाटतो. त्याला वजनच उरत नाही.

‘इन्व्हर्स कायनेमॅटिक्स’मध्ये साखळी उलटी चालते. पाऊल कुठे हवं ते ॲनिमेटरने सांगायचं. गुडघा आणि मांडी किती वाकवायची ते संगणक काढतो. पिंगुळीचे ठाकर कलाकार कळसूत्री बाहुली नाचवताना तिचं कोपर हाताने वाकवत बसत नाहीत, हाताला बांधलेली दोरी ओढतात आणि कोपर आपसूक येतं, तसंच हे. पाऊल खिळवून ठेवा, कंबर खाली घ्या, गुडघा स्वतःच वाकेल. याच भागात सांगाड्यावर कातडी चढवायची सोयही होती, म्हणजे हाड वळलं की वरचा पृष्ठभाग न फाटता सोबत वळतो.

हे गणित लांग्लुआंच्या चमूने शोधलेलं नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. ते यंत्रमानवशास्त्रातून आलं. टोनी दाखवला गेला त्याच १९८५ च्या सिग्राफमध्ये मायकेल जिरार्ड आणि अँथनी माचेयेव्स्की यांनी पायांवर चालणाऱ्या आकृत्यांच्या ॲनिमेशनवर निबंध वाचला होता. (याच जिरार्ड यांनी पुढे थ्री-डी-एस मॅक्स या सॉफ्टवेअरसाठी पात्र चालवायचं ‘बायपेड’ हे साधन आणलं. मॅक्सवर शिकलेल्या आपल्याकडच्या कितीतरी जणांनी पहिलं पात्र चालवलं ते बायपेडवर.) निबंधातलं गणित आणि ॲनिमेटरच्या माऊसखाली हुकमी वागणारं साधन यांत फार मोठं अंतर असतं. गुडघा भलत्याच बाजूला वाकू नये, पाय पूर्ण ताणला गेला की झटका बसू नये, आणि हे सगळं ओढताओढता पडद्यावर दिसावं. हे अंतर विकत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सॉफ्टइमेजने कापलं. त्यासाठी १९९७ सालचा तांत्रिक ऑस्कर डोमिनिक बुआव्हेर, रेजाँ गान्ये, डॅनियल लांग्लुआ आणि रिचर्ड लापेरियेर या चौघांना मिळून दिला गेला. संस्थापकाच्या नावाशेजारी बाकी तिघांची नावं आहेत, हे मला फार योग्य वाटतं.

‘ॲक्टर’ आल्यावर दोनच वर्षांत त्याची खरी परीक्षा झाली. ‘ज्युरासिक पार्क’साठी स्पीलबर्गने आधी फिल टिपेट यांची गो-मोशन पद्धत, म्हणजे फ्रेम टिपली जात असतानाच प्रतिकृती यंत्राने किंचित हलवण्याची पद्धत, धरली होती. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या स्पेशल इफेक्ट्सच्या कंपनीतल्या चमूने संगणकावरचा नमुना करून दाखवला आणि बेत बदलला. प्रतिकृती घडवण्याचं काम एलियस या सॉफ्टवेअरमध्ये, अंतिम चित्र रेंडरमॅन या सॉफ्टवेअरमध्ये, आणि हालचाल सॉफ्टइमेजमध्ये अशी वाटणी झाली. टिपेट यांच्या माणसांना घरी पाठवलं नाही. प्राण्यांच्या हालचालीचं ज्ञान त्यांच्याच बोटांत होतं. त्यांच्यासाठी सांध्यासांध्यांत सेन्सर बसवलेला धातूचा सांगाडा तयार केला गेला. कलाकाराने तो जुन्या सवयीने हाताने हलवायचा आणि ती हालचाल संगणकात उतरायची. हातकाम करणारा माणूस आणि संगणक यांच्यामधली भिंत पाडायची, हा लांग्लुआंचा मूळ आग्रह इथे दुसऱ्या वाटेने सिद्ध झाला.

१९९३ च्या त्या चित्रपटात संगणकावर केलेले डायनासोर सारे मिळून जेमतेम काही मिनिटं दिसतात. १९९४ मध्ये हिंदीत डब होऊन तो आपल्याकडे आला तेव्हा गावोगावच्या थिएटरांत पडद्यावर जे पळत आलं, त्याचे पाय जमिनीवर घट्ट पडत होते.

विक्री

१९९३ मध्ये सॉफ्टइमेजचे शेअर अमेरिकेतल्या नॅस्डॅक शेअर बाजारात आले आणि पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने कंपनी घेतली. या विक्रीबद्दल ॲनिमेशनवाल्यांत आजही कडवट बोललं जातं: कलाकारांची कंपनी ऑफिसवाल्यांना विकली, इत्यादी. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो.

त्या वेळची परिस्थिती पाहा. सॉफ्टइमेज चालायचं ते एकाच उत्पादकाच्या यंत्रावर. सिलिकॉन ग्राफिक्सचं वर्कस्टेशन घेणं म्हणजे मोठ्या स्टुडिओंचं काम, आणि उद्या तोच उत्पादक स्पर्धेत उतरला तर? झालंही तसंच. १९९५ मध्ये सिलिकॉन ग्राफिक्सने एलियस आणि वेव्हफ्रंट या सॉफ्टइमेजच्या दोन्ही प्रतिस्पर्धी कंपन्या घेऊन एकत्र केल्या. मायक्रोसॉफ्टला विंडोज एनटी या आपल्या संगणक प्रणालीवर जड ग्राफिक्सचं काम होऊ शकतं हे जगाला दाखवायचं होतं. लांग्लुआंना आपलं साधन स्वस्त यंत्रावर न्यायचं होतं. दोघांची गरज जुळली. १९९६ मध्ये सॉफ्टइमेज एनटीवर आलं आणि त्या दर्जाचं थ्री-डी काम साध्या प्रोसेसरच्या संगणकावर होऊ लागलं. छोट्या स्टुडिओंसाठी दार उघडलं ते इथे. ज्या माणसाचा सगळा अट्टाहास साधन कलाकाराच्या हाती देण्याचा होता, त्याच्या दृष्टीने हा विश्वासघात कसा होतो?

गाडं घसरलं ते यानंतर. जुन्या सॉफ्टवेअरचा पाया आता थकला होता, तो मुळापासून नव्याने लिहायला हवा होता. ‘सुमात्रा’ या टोपणनावाने ते काम सुरू झालं. त्याच सुमारास लांग्लुआंचं दुसरं स्वप्नही चालू होतं: ‘डिजिटल स्टुडिओ’, म्हणजे संकलन, कंपोझिटिंग (वेगवेगळी चित्रं एका दृश्यात जुळवणं), रंगकाम, ध्वनी असं चित्रणानंतरचं सगळं काम एका छताखाली. तीच जुनी कल्पना, पण अख्ख्या चित्रपटासाठी. मध्यम आकाराच्या एका कंपनीने दोन अजस्र सॉफ्टवेअर एकाच वेळी कोऱ्या कागदापासून लिहायला घेतली. माझ्या लेखी चूक कुठली असेल तर ही. डिजिटल स्टुडिओ १९९८ मध्ये बाजारात आलं, सुमात्रा ‘एक्सएसआय’ नावाने २००० मध्ये. मधल्या काळात, फेब्रुवारी १९९८ मध्ये, एलियस-वेव्हफ्रंटने ‘माया’ हे आपलं थ्री-डी सॉफ्टवेअर आणलं होतं.

दोन वर्षं म्हणजे काहीच नाही असं बाहेरच्याला वाटेल. पण स्टुडिओ एकदा पाइपलाइन, म्हणजे कामाची सुरुवातीपासून शेवटपर्यंतची साखळी, बांधतो तेव्हा सॉफ्टवेअर हा तिचा फक्त एक भाग असतो. त्याभोवती स्क्रिप्ट लिहिल्या जातात, रिगचे साचे तयार होतात, माणसं शिकवली जातात, नव्या भरतीच्या जाहिरातीत तेच नाव येतं. मग शिकवणारे क्लास तेच शिकवतात, कारण नोकरी तिथे आहे. मुंबई-पुण्यातल्या ॲनिमेशन संस्थांमध्ये मायाने जो जम बसवला तो याच साखळीतून. एक्सएसआय आलं तेव्हा कित्येक बाबतींत ते मायापेक्षा सरस होतं, पण तोवर बरेचसे मोठे स्टुडिओ हलले होते.

ॲव्हिड ही संकलनाच्या यंत्रणा बनवणारी कंपनी. तिला डिजिटल स्टुडिओत रस होता हे उघड आहे. थ्री-डी हा तिच्या घरातला पाहुणाच राहिला. तरीही त्या दहा वर्षांत सॉफ्टइमेजच्या अभियंत्यांनी केलेलं काम थक्क करणारं आहे. सिडनीच्या ॲनिमल लॉजिकने ‘हॅपी फीट’मधले हजारो पेंग्विन एक्सएसआयवर नाचवले आणि त्या चित्रपटाला ॲनिमेशनपटाचा ऑस्कर मिळाला. २००८ मध्ये ‘आइस’ आलं: धूर, कण, गर्दी, विरूपण यांचे नियम ॲनिमेटरने कोडची ओळ न लिहिता ठोकळे जोडून मांडायचे. प्रोग्रॅमर मध्ये नको, हे १९८६ चं सूत्र बावीस वर्षांनी पुन्हा, आणि जास्त धारदार होऊन.

त्याच वर्षी ऑटोडेस्कने सॉफ्टइमेज घेतलं. ऑटोडेस्ककडे थ्री-डी-एस मॅक्स आधीपासून होतं, २००६ मध्ये एलियस घेतल्यामुळे माया आलं होतं. आता तिसरं. एकच काम करणारी तीन सॉफ्टवेअर तीन वेगळ्या पायांवर सांभाळायची म्हणजे तिप्पट खर्च, आणि गिऱ्हाईक एकच. साडेतीन कोटी डॉलरच्या त्या व्यवहारातच २०१४ ची घोषणा लिहिलेली होती असं मी मानतो. ऑटोडेस्कने सॉफ्टइमेजच्या वर्गणीदारांना माया किंवा मॅक्सवर जायची सोय जादा पैसे न घेता दिली हे खरं, पण पंधरा वर्षं एका साधनावर बसलेला हात असा बदलून मिळत नाही.

मॉन्ट्रियल आणि नंतर

लांग्लुआ १९९८ मध्ये कंपनीतून बाहेर पडले होते. त्यांच्यामागे मॉन्ट्रियल मात्र बदललेलं होतं. डिस्क्रीट लॉजिक ही इफेक्ट्सची सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी सॉफ्टइमेजमधूनच बाहेर पडलेल्या माणसाने काढली. मोशन कॅप्चरचं, म्हणजे खऱ्या माणसाची हालचाल टिपून पात्रावर चढवण्याचं, फिल्मबॉक्स बनवणारी कायदारा त्याच शहरातली. आज प्रत्येक स्टुडिओत फायलींची देवाणघेवाण ज्या एफबीएक्स स्वरूपात होते ते तिचं. टू-डी कामासाठी आपल्याकडेही वापरलं जाणारं टून बूम तिथलंच.

पैसा हाती आल्यावर लांग्लुआंनी १९९७ मध्ये कला, विज्ञान आणि तंत्रज्ञानासाठी प्रतिष्ठान स्थापन केलं. १९९९ मध्ये सेंट लॉरेन्ट मार्गावर ‘एक्स-सेंट्रिस’ हे संकुल उभारलं, स्वतंत्र चित्रपट आणि नव्या माध्यमांसाठी. कॅरिबियनमध्ये डॉमिनिकाच्या दक्षिण टोकाला सूर्य आणि वाऱ्याच्या विजेवर, साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर चालणारं निवासस्थान बांधायला त्यांनी वर्षानुवर्षं दिली. २०१७ च्या मारिया चक्रीवादळाने ते बेट उद्ध्वस्त केल्यावर पुनर्बांधणीसाठी संस्थाही काढली.

या सगळ्यात प्रतिष्ठानाचं एक काम मला या प्रकरणाच्या गाभ्याशी जोडलेलं दिसतं. २००५ पासून त्यांनी ‘डोकॅम’ नावाचा संशोधन प्रकल्प चालवला. प्रश्न असा: एखादी कलाकृती ज्या यंत्रावर, ज्या सॉफ्टवेअरवर बनली ते नाहीसं झालं तर ती कलाकृती जपायची कशी? विद्यापीठं, संग्रहालयं, ग्रंथपाल, अभियंते एकत्र बसले आणि नोंदी कशा ठेवाव्यात, काय उतरवून घ्यावं, काय पुन्हा घडवता येतं याच्या पद्धती तयार झाल्या. ऑटोडेस्कच्या घोषणेच्या कितीतरी आधी, सॉफ्टइमेज जिवंत असताना, त्याच्याच संस्थापकाने या प्रश्नावर पैसा आणि माणसं लावली होती.

कारण २०१४ मध्ये गेलं ते फक्त सॉफ्टवेअर नव्हतं. सॉफ्टइमेजची दृश्यफाईल उघडायला सॉफ्टइमेजच लागतं. चित्रपट राहतो, पण पात्र कसं बांधलं होतं, गुडघ्याला कुठला नियंत्रक होता, ॲनिमेटरने कीफ्रेम, म्हणजे हालचालीतली मुख्य स्थिती, कुठे ठेवली होती, हे सगळं त्या फाईलमध्ये बंद. भूमितीची हालचाल बाहेर काढून ठेवता येते; रिगमधला विचार बाहेर निघत नाही.

दुसरी वाट शक्य होती का? होती, आणि ती आधी कुणी चाललंही होतं. २००२ मध्ये ब्लेंडर हे थ्री-डी सॉफ्टवेअर बनवणारी डच कंपनी बुडाली तेव्हा त्याचे जनक टोन रोझेंडाल यांनी गुंतवणूकदारांशी बोलणी करून एक लाख युरोंत त्याचा कोड सोडवून घेण्याचं ठरवलं. वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत वर्गणी जमवली आणि त्याच ऑक्टोबरमध्ये ब्लेंडर सगळ्यांसाठी खुलं झालं. २०२५ मध्ये ॲनिमेशनपटाचा ऑस्कर मिळवणारा ‘फ्लो’ त्यावर बनलेला आहे. सॉफ्टइमेजचा कोड मात्र खुला झाला नाही. त्याची किंमत वर्गणीने भागण्यासारखी नव्हती, आणि ज्याच्या हाती तो होता त्याचं मायाही बाजारात होतं. १९९४ मध्ये केलेला व्यवहार त्या वेळी बरोबर होता असं मी वर म्हटलं आणि त्यावर ठाम आहे. पण विकलेल्या वस्तूचं पुढे काय व्हावं याबद्दल त्या व्यवहारात कलाकाराच्या बाजूने एखादी अट घालता आली असती का, हा प्रश्न आज सॉफ्टवेअर कंपनी काढणाऱ्या प्रत्येक डिझायनरने करार वाचताना वकिलाला जरूर विचारावा.